बरी झालेली मुलगी

आमच्या घरी माझ्या आजाराची गोष्ट एकाच वाक्याने संपायची : ‘ऑपरेशन झालं आणि पोरगी बरी झाली.’ ऑपरेशन २००१ सालचं, मी चार वर्षांची. त्याआधी रडले की ओठ निळे पडायचे, चालता चालता मी मध्येच उकिडवी बसायचे. सोलापूरहून मुंबईला नेलं, हृदयाचं भोक बुजवलं. पुढे काही वर्षं तपासणीला जात होतो. दहावीत क्लासमुळे एक तारीख चुकली, मग कुणी तो विषय काढलाच नाही.

गेल्या वर्षी पुण्यात कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये ईसीजी पाहून डॉक्टरांनी थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मला तर काहीच होत नव्हतं. सिंहगड चढताना मित्रांच्या मागे राहायचे, त्याचं खापर मी बैठ्या नोकरीवर फोडलं होतं.

तिथे कळलं की भोक हा माझ्या आजाराचा एक भाग होता. टेट्रालॉजी ऑफ फॅलो. यात हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद असते. ती रुंद करायला माझी झडप छेदून तिथे पॅच लावला होता. (आमच्या धंद्यातही पॅच लावतात. त्याचं पुढे काय होतं हे मला चांगलंच माहीत आहे.) रक्त जाऊ लागलं, पण झडप मिटेना. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं. उजवा कप्पा ते वर्षानुवर्षं सोसतो आणि हळूहळू फुगतो. ही दुरुस्ती पहिल्यांदा १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी केली. मुलं गुलाबी झाली, धावू लागली, त्यामुळे ही गळती निरुपद्रवी आहे असं बरीच वर्षं मानलं गेलं. ती मुलं मोठी झाल्यावर काहींचे कप्पे थकले, ठोके बिघडले, तेव्हा उलगडा झाला.

आणि यात त्रास व्हायची वाट बघून चालत नाही. कप्पा फार फुगला तर नवी झडप बसवूनही पूर्ववत होईलच असं नाही.

डॉक्टरांना जुने कागद हवे होते. आईला फोन केला.

“कशाला आता?” ती म्हणाली. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. छातीवरचा व्रण लहानपणी भाजल्याचा आहे, असं तिने दोन ठिकाणी सांगितलंही होतं.

“दरवर्षी दाखवा असं लिहिलं नव्हतं का त्यांनी?”

“लिहिलं होतं गं. पण सारखं दवाखान्यात गेलं तर लोक म्हणतील, पोरगी आजारीच आहे.”

मी फोन ठेवला. दोन दिवस बोलले नाही. मग हिशोब केला : ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेली आई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आजच्या माझ्याहून लहान.

एमआरआयच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने आली, डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. आत मशीन सांगत होतं, श्वास रोखा, श्वास सोडा. कप्प्याचं आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरमागे १३८ मिलीलिटर निघालं. दीडशे-एकशे साठच्या आसपास गेलं की, बाकीच्या गोष्टी बघून, झडप बदलायचा विचार करतात. काहींना ती मांडीच्या शिरेतून, छाती न उघडता बसवता येते.

“काय म्हणाले? बरी आहेस ना?”

“पुढच्या वर्षी परत यायचंय. त्याच्या पुढच्या वर्षीही.”

तिने पर्समधून पेन काढलं, कार्ड उलटं केलं आणि म्हणाली, “तारीख सांग.”