पिशवी काढल्यानंतर

१४ ऑक्टोबर, पाली

सुट्टीत वाचायला अंतःस्रावी ग्रंथींच्या नोट्स आणल्यात. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या परीक्षेत या प्रकरणावर हमखास प्रश्न असतो. गल्लीत मात्र गळीत हंगामाची तयारी चाललीय. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, दिवाळी झाली की निघतील, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. शेजारच्या मावशी पेटीत भांडी भरता भरता मध्येच पदराने वारा घेत बसल्या. म्हणाल्या, "ऊन नाही गं हे. आतूनच वाफा निघत्यात. पिशवी काढल्यापासून असंच." त्यांचं वय चौतीस.

१५ ऑक्टोबर

मावशींनी रेशनकार्डाच्या कॅरीबॅगमधून डिस्चार्ज कार्ड काढून दिलं. घड्यांवर फाटलेलं, कडेला तेलाचा डाग. शस्त्रक्रियेच्या रकान्यात निळ्या शाईत: टीएएच विथ बीएसओ. म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं, आणि त्यासोबत दोन्ही बीजनलिका नि दोन्ही बीजांडकोशही. हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. त्यांच्या लेखी गेली ती फक्त पिशवी.

नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करत राहतात. तेही काढले की एरवी काही वर्षांत हळूहळू येणारी रजोनिवृत्ती एकदम येऊन आदळते. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. इस्ट्रोजेन घटलं की ते जराशा उष्णतेलाही भलतं उत्तर देतं: त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो. त्याच मावशींच्या वाफा.

हाडांचं दुखणं याहून खोल. हाड सतत झिजतं आणि सतत भरून निघतं. झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. तो आवर सुटला की झीज पुढे जाते, भर मागे राहते, आणि पहिल्या काही वर्षांत हा वेग सर्वांत जास्त असतो. नेमक्या त्याच वर्षांत मावशी डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतायत. नोट्समध्ये हे प्रकरण दीड पानाचं आहे. आज ते वाचताना माझा संताप संताप झाला.

१६ ऑक्टोबर

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आकडे आले होते: बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. सहांत एक. कारणं इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. खाडा पडला की दंड, फडावर ना पाणी ना संडास, अंगावरून पांढरं जायला लागलं की कॅन्सरची भीती. ऑपरेशनवर खूप लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या बायांच्या हाडांचं काय होतं, हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्यांचा आहे. माझा आहे.

१८ ऑक्टोबर

मावशींना घेऊन बीडला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कार्ड नीट वाचलं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, हार्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या का ते तपासण्या करून ठरवू म्हणाल्या. मावशींनी विचारलं, "ऊस तोडू ना?" यावर बाई काही वेळ बोलल्याच नाहीत.

१९ ऑक्टोबर

चुलतबहिणीला नीटमध्ये यंदाही मार्क कमी पडले. काका म्हणाले, "बायोलॉजी घेऊन डॉक्टर नाही झाली, तर मग उपयोग काय?" लातूर पॅटर्नच्या मुलखात हा प्रश्न घरोघरी आहे. मी त्यांना सांगितलं: डीएमएलटी करून पॅथॉलॉजी लॅब, बी.एड. करून शाळा, एम.एस्सी.नंतर सेट-नेट देऊन कॉलेज, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, औषध कंपन्या. सीएसआयआर-नेटची जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये फेलोशिप. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था मुंबईत परळला आहे, माझा डोळा तिच्यावर आहे. जागा थोड्या आणि वाट लांबची, हेही सांगितलं. खोटी आशा कशाला दाखवायची?

मग कमल रणदिवे यांच्याबद्दल बोलले. मुलीने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकली. पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर काम करून स्तनाचा कर्करोग, हार्मोन आणि आनुवंशिकता यांचा संबंध तपासला, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. काका ऐकत होते. पटलं असं म्हणाले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

२४ ऑक्टोबर

मार्गदर्शक मॅडमचा फोन झाला. या बायांच्या हाडांवर प्रकल्प करायचा हा माझा विषय त्यांना मान्य आहे, पण रक्ताचे नमुने घ्यायचे तर आधी नैतिकता समितीची परवानगी आणि मराठीत संमतीपत्र. तोवर फक्त प्रश्नावली; टोळ्या गुढीपाडव्याच्या सुमारास परततील तेव्हा भरून घ्यायची. संमतीपत्राच्या पहिल्या पानावर आकृती काढली: गर्भाशय, दोन नळ्या, दोन बीजांडकोश. बहीण ती रंगवायला बसली आणि तिने विचारलं, बीजांडकोश काढल्यावर रक्तातलं एफएसएच हार्मोन कमी होतं का? होत नाही, उलट वाढतं. बीजांडकोशाकडून येणारं इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन पियुषिका ग्रंथीला थांबवत असतात. ते दोन्ही आटले की थांबवणारं कुणी उरत नाही, आणि ती एफएसएच सोडतच राहते. "म्हणजे रक्त तपासलं तर कार्ड हरवलेल्या बाईचंही कळेल?" बऱ्याच अंशी कळेल, म्हटलं. तिचा हा मुद्दा मॅडमना लगेच कळवला.