चुंबक आणि गोठा

लहानपणी आमचं चुंबक म्हणजे फुटक्या स्पीकरमधून काढलेलं काळं, गोल कडं. घोडनदीच्या वाळूत फिरवलं की त्याला काळी भुकटी केसांसारखी उभी चिकटायची. आपल्या काळ्या पाषाणातच लोखंडाचा अंश असतो, तो झिजून वाळूत येतो. तेव्हा तो निव्वळ पोरखेळ होता. आता साठी उलटल्यावर तेच माझं रोजचं अवजार झालंय.

पूर्वी विहिरीत पाना पडला की गळ टाकून तासन्‌तास ढवळत बसायचो. गळाला अडकायला कडी लागते, पान्याला कुठली कडी? आता दोरीला जाड चुंबक बांधून सोडतो. वस्तू मात्र लोखंडाची पाहिजे. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना चुंबक ओळखही देत नाही. ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना बोल्टाला चुंबक असेल तर त्यावरचा चुरा बघतो. पिठासारखा असला तर ठीक, पण कपचा निघाला तर गियरचं दुखणं समजावं.

पण चुंबकाची खरी किंमत कळली ती गोठ्यात. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ऊस आणि दूध हीच संसाराची दोन चाकं. दहाएक वर्षांमागं बाजारातून आणलेली आमची चंद्री एकाएकी वैरण सोडून बसली. दूध आटलं, पाठ कमानीसारखी झाली, मग गळ्याखाली सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, "तार हृदयापर्यंत गेलीय, दादा." गाय वैरण निवडून खात नाही, जिभेनं ओढते अन्‌ गिळते. खिळा, तार जाळीच्या पोटात जाऊन बसते. त्या पोटाच्या पुढंच, पडद्यापलीकडं हृदय. पोट आवळलं की तार पुढं सरकते. चंद्री चौथ्या दिवशी गेली. घरात चूल पेटली नाही.

डॉक्टरांनीच मग बाकीच्या गाईंना बोटाएवढं गुळगुळीत चुंबक गिळवलं. ते जाळीच्या पोटात राहतं, आलेलं लोखंड धरून ठेवतं. ते काम डॉक्टरांनीच करावं; घरचं कोपरेदार चुंबक गाईला कधी देऊ नये.

मी कुट्टीयंत्राच्या पन्हाळीला स्पीकरची दोन कडी बसवली. कडब्याच्या पेंडीत तार राहिली तर पाती तिचे बोटभर तुकडे करतात, अन्‌ तेच जास्त घातक. पुढं भाच्यानं निओडिमियमची पट्टी आणून दिली. ही जात १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत निघाली. दिसायला बिस्किटाएवढी, पण दोन पट्ट्यांत बोट सापडलं तर रक्तच काढील. साधी जात ८० अंशांच्या वर तापली की जोर उतरतो, म्हणून वेल्डिंगपासून लांब ठेवतो. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्यानं जवळ येऊ नये. बारकी गोळीएवढी चुंबकं तर पोरांच्या हाती देऊच नयेत. दोन गिळली तर आतडं मध्ये चिमटून भोक पडतं.

रोज संध्याकाळी सूनबाई ती पट्टी पुसून घेते. खिळे, तारेचे तुकडे, टायरमधल्या तारा असं काहीबाही निघतं. ते सगळं एका डब्यात टाकून डबा खांबाला टांगलाय. भंगारवाल्याला देत नाही. नवीन गाय घेतलेला कुणी गोठ्यावर आला की आधी तो डबा त्याच्या हातात देतो, मग चहा.