शून्याच्या दोन्ही बाजू

बारावीला मॅक्झिमा-मिनिमा शिकवायला घेतलं, की मी आधी पुठ्ठा हातात घेतो. चौरस, ३० सेंटिमीटर बाजूचा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या, की झाला बिनझाकणाचा खोका. तो मोठ्यात मोठा व्हायला कोपरे किती कापायचे?

काप क्ष सेंटिमीटरचा धरला, तर घनफळ क्ष(३०−२क्ष)². त्याचा डेरिव्हेटिव्ह (३०−२क्ष)(३०−६क्ष). तो शून्य होतो ५ ला आणि १५ ला. १५ घेतले तर पुठ्ठाच उरत नाही. म्हणून काप ५ चा, घनफळ २००० घन सेंटिमीटर. इथं मुलं पेन खाली ठेवतात. माझ्या मते खरी गंमत इथूनच सुरू होते.

काप १ वरून १.१ सेंटिमीटर केला, तर घनफळ ७८४ वरून थेट ८५० वर जातं. तोच एक मिलिमीटर ५ च्या अलीकडे किंवा पलीकडे सरकवून पाहा. एक घन सेंटिमीटरसुद्धा कमी होत नाही. माथ्याजवळ बदल जवळजवळ थांबतो. केप्लरनं १६१५ मध्ये दारूच्या पिंपांवरच्या पुस्तकात हेच टिपलं होतं, तेही न्यूटन आणि लायबनिट्झ यांच्या कितीतरी आधी. डेरिव्हेटिव्ह शून्याबरोबर मांडून आपण ही थांबल्याची जागाच शोधत असतो.

पण थांबला म्हणजे माथा आला, असं नाही. घाट चढताना मध्येच सपाटी लागते आणि रस्ता पुन्हा चढू लागतो. क्ष³ चं शून्यापाशी तसंच होतं. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवर भिस्त ठेवावी, तर क्ष⁴ ला शून्यापाशी तोही शून्य, आणि मिनिमम मात्र तिथंच.

म्हणून माझा आग्रह चिन्हांचा. संख्यारेषा काढा, शून्याच्या डावीकडे आणि उजवीकडे डेरिव्हेटिव्हचं चिन्ह लिहा. धनाचं ऋण झालं तर मॅक्झिमम, ऋणाचं धन झालं तर मिनिमम, बदललंच नाही तर काहीच नाही. तेही फक्त आसपासच्या टापूपुरतं: क्ष³−३क्ष ला −१ पाशी २ हा मॅक्झिमम आहे, पण ३ पाशी त्याची किंमत १८ होते.

हे काम जेमतेम दोन ओळींचं. पण ५ च का, याचं उत्तर त्या दोन ओळींतच असतं. पेपर तपासताना मी आधी त्या ओळी शोधतो, २००० नंतर पाहतो.