चार वेळा झुक, चाकाचा एक फेरा

मुलांनो, रेल्वेचं फाटक बंद झालं की तुम्ही काय करता? डबे मोजता ना? मग तुम्हीही आमच्याच टोळीतले! आगगाड्या नुसत्या बघण्याचासुद्धा एक छंद असतो, बरं का. इंग्लंडमध्ये १९४२ साली इयन ॲलन नावाच्या रेल्वेतल्या एका तरुण कारकुनाने इंजिनांच्या नंबरांची छोटीशी पुस्तिका काढली. मग काय! पोरं फलाटावर तासन्‌तास उभी. नंबर दिसला की पुस्तिकेत त्याच्याखाली रेघ!

माझ्याकडे अशी पुस्तिका नव्हती. पण माझं आजोळ कारंजा लाडचं होतं, आणि कारंज्याहून 'शकुंतला' जायची. नकाशा काढा पाहू! अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर शोधा. मुंबई-हावडा मार्गावरचं हे स्टेशन. तिथून एक छोटी लाईन निघायची ती कारंजा, दारव्हा करत यवतमाळला आणि दुसरी अचलपूरला. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. तुमच्या वर्गातल्या बाकापेक्षाही कमी असेल!

ही लाईन इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने घातली, ती वऱ्हाडातला कापूस न्यायला. कापूस मूर्तिजापुरात मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईला जायचा आणि तिथून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांत. गंमत म्हणजे शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलं होतं. इथला कापूस तिकडे, तिकडचं इंजिन इकडे!

१९९३च्या दिवाळीत मी पहिलीत होते. आधी शेतांपलीकडे काळा धूर दिसायचा, मग शिटी, आणि मग धापा टाकत ते काळं धूड फलाटाला लागायचं. जवळून गेलं की गालाला धग लागायची. डोळ्यांत कोळशाचे कण जायचे. मी नुकतीच आकडे शिकले होते, म्हणून पाटीवर इंजिनाचा नंबर उतरवून घ्यायचे. वाकडातिकडा, पण अख्खा!

एकदा आजोबा म्हणाले, "नुसतं पाहू नको वं बाई, कान देऊन आयक. चारदा झुक झालं का चाक एकदा फिरलं."

असं का होतं? कोळशाच्या आगीने बॉयलरमधलं पाणी उकळतं. वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला ढकलते. दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून 'झुक' करत बाहेर पडते. ती जाताना धूरही ओढून नेते, त्यामुळे आग आणखी फुलते. दट्ट्या पुढे जाताना एक झुक, मागे येताना एक. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन सिलिंडर. बे दुणे चार! गाडी सुटताना मी बोटांवर मोजत बसायचे. गुणाकार मला शाळेच्या आधी शकुंतलेने शिकवला.

पुढच्या एप्रिलात परीक्षा संपवून आजोळी गेले. धूर दिसलाच नाही. गाडी आली, पण तिला डिझेल इंजिन लागलेलं! १५ एप्रिल १९९४ला वाफेचं इंजिन निवृत्त झालं होतं. मी रुसून बसले. आजोबाही त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. पुढे काही वर्षांपूर्वी ती छोटी शकुंतलाही धावायची थांबली.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही काय बघायचं?" अहो, खूप आहे! दार्जिलिंगला आणि निलगिरीच्या डोंगरात अजूनही वाफेची इंजिनं धावतात. आणि तुमच्या स्टेशनवरच्या विजेच्या इंजिनावरची अक्षरं वाचा. 'डब्ल्यू ए पी' असेल तर डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी गाडी. पीच्या जागी 'जी' असेल तर मालगाडीचं. छोट्या रुळांच्या इंजिनांचं अक्षर 'झेड'.

एक वही करा. तारीख, स्टेशन, इंजिनाचा नंबर आणि आवाज कसा होता, तेही लिहा. फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं, सोबत मोठं माणूस हवंच. आणि हो, घरच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावची गाडी कशी वाजायची ते. इंजिनं संग्रहालयात ठेवता येतात. पण त्यांचा आवाज ज्यांच्या कानांत आहे, ती माणसं आज तुमच्या घरात आहेत. विचारून ठेवा, लिहून ठेवा!