सगळ्यांचं मशीन

घरच्या मशीनवर शेवटचं काम कोणी केलं, हे आपल्याला ठाऊक असतं. सामायिक कार्यशाळेत ते ठाऊक नसतं, आणि बेल्ट सँडरच्या बाबतीत खरी गोम इथेच आहे.

पुण्यात आम्ही काही हौशी मंडळी वर्गणी काढून एक कार्यशाळा चालवतो. एका दुपारी मी तिथे सागवानी पोळपाटाची कड गोल करत होते. घासताना सागाला तेलकट, उग्र वास येतो. त्यात मध्येच करपट वास मिसळला. लाकूड तापलं असेल म्हणून दाब कमी केला, तरी वास हटेना. मशीन बंद करून प्लग काढला, तर भुशाच्या पिशवीतून बारीक धूर येत होता. पिशवी झटकली नाही, कारण हवेत उडालेला भुसा भपकन पेटतो. तशीच उचलून अंगणात नेली आणि बादलीत बुडवली.

सकाळी कोणीतरी त्याच पट्ट्यावर पटाशीला धार लावली होती. पोलादाची ठिणगी भुशात पडली की लगेच ज्वाळा दिसत नाही. ती आतल्या आत तासन् तास धुमसते. रात्री कुलूप लावून गेल्यावर हे झालं असतं तर? त्या विचाराने मला अजूनही धस्स होतं. ज्याने धार लावली त्याचा राग मात्र आला नाही. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आता मी पट्ट्याला हात लावण्याआधी पिशवी उघडून बघते. मग प्लग काढलेला असतानाच पट्टा हाताने फिरवते: सांधा उचकटलाय का, कड फाटलीये का, आतल्या बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेनेच आहे ना. टेकू आणि पट्टा यांच्यातली फट दोन मिलिमीटरच्या वर गेली, तर तुकडा आत ओढला जातो, आणि त्यामागून बोट.

नवीन आलेला माणूस हमखास हातमोजे मागतो. ते नकोत. पट्टा कातडी सोलतो हे खरं, पण मोजा अडकला तर तो अख्खा हात ओढून नेतो. ओढणी, बांगड्या, मोकळे केस यांचंही तेच. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मी आधी सगळ्यांची मनगटं बघते.

मास्कबद्दल लोक कुरकुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५च्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. सागाच्या धुळीने काहींना दमा जडतो, अंगाला खाज सुटते. एन-९५ मास्क लावल्याशिवाय मी कोणाला मशीन सुरू करू देत नाही.

धातूसाठी वेगळं मशीन घ्यावं, असा हट्ट मी बैठकीत धरला. खर्च काहींना जास्त वाटला, पण अखेर घेतलं. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याला पिशवी जोडलेली नाही. अ‍ॅल्युमिनियम तिथेही चालत नाही. त्याची भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र येऊन ठिणगी पडली, तर रेल्वेचे रूळ सांधायला वापरतात तीच थर्मिट प्रक्रिया घडू शकते, आणि त्या आगीवर पाणी ओतणंही धोक्याचं. अ‍ॅल्युमिनियम आम्ही कानशीने, हातानेच घासतो.