कादंबरी कोणाची, लेखक कोण?

भरतीची जाहिरात आली की आपल्या साखऱ्यातली पोरं पुन्हा जोड्या पाठ करायला लागतात. कोसला : भालचंद्र नेमाडे. फकिरा : अण्णा भाऊ साठे. ययाति : वि. स. खांडेकर. बनगरवाडी : व्यंकटेश माडगूळकर. गाडीवर सेनगावला जाता जाता एकमेकांना विचारणं चालू असतं. यात हसण्यासारखं काही नाही. तलाठी भरतीत एका प्रश्नाला दोन मार्क, आणि यादीत नाव लागतं की नाही ते तेवढ्यावर ठरतं. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आहे आणि सोयाबीनला भाव नाही, तिथं दोन मार्क म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही.

माझी अडचण एवढीच आहे, की यातल्या बहुतेक पोरांनी ह्यातलं एकही पुस्तक हातात धरलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका सराव पेपरच्या उत्तरतालिकेत 'राधेय'च्या पुढं शिवाजी सावंत छापलेलं होतं. मी म्हणलं, बाबांनो, हे चूक आहे. कर्णावरच्या दोन कादंबऱ्या आहेत. १९६७ ची 'मृत्युंजय' शिवाजी सावंतांची आणि 'राधेय' रणजित देसाईंची. एक पोरगं म्हणालं, "दादा, पण पीडीएफमधी तसंच आहे." दुसऱ्यानं दुसरी पीडीएफ उघडली, तर तिच्यात तिसरंच. अर्धा तास वाद झाला. शेवटी घरून पुस्तक आणून वरचं नाव दाखवलं, तेव्हा मिटला.

नुसती पाठ केलेली जोडी अशी दगा देते. 'स्वामी' देसाईंची, 'छावा' सावंतांची, 'राऊ' ना. सं. इनामदारांची, 'पानिपत' विश्वास पाटलांची. परीक्षेच्या हॉलमधी ह्या सगळ्या एकमेकींत मिसळतात. पण 'स्वामी' माधवराव पेशव्यांची आणि 'राऊ' बाजीराव-मस्तानीची, एवढं जरी वाचलेलं असलं तरी घोळ होत नाही. 'उपरा' आणि 'उचल्या'चं तसंच. दोन्ही लेखक लक्ष्मण, एक माने आणि एक गायकवाड. गाईडमधी ही दोन्ही कादंबऱ्यांच्या यादीत घुसवलेली दिसतात, खरं तर ती आत्मकथनं आहेत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारं घर 'उपरा'त आहे. चोरीचा शिक्का बसलेल्या जमातीचं जगणं 'उचल्या'त आहे, आणि ते लातूर जिल्ह्यातलं आहे. एकदा वाचलेला माणूस यांची अदलाबदल करूच शकत नाही.

आता मला खरं बोचतं ते सांगतो. 'बारोमास : सदानंद देशमुख, साहित्य अकादमी २००४' ही ओळ पोरांना झोपेतही येते. त्या कादंबरीत आहे काय? शेतकऱ्याचा शिकलेला पोरगा. डिग्री आहे, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत, आणि इकडं शेती पुरत नाही. म्हणजे आपलं पोरगं स्वतःचीच गोष्ट दोन मार्कासाठी घोकतंय आणि त्याला ते माहीत नाही! 'झाडाझडती' धरणग्रस्तांची आहे. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूरच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' तर आपल्याच मराठवाड्याच्या बोलीत आहे.

सार्वजनिक ग्रंथालयाचा कायदा महाराष्ट्रात १९६७ ला झाला. वाचनालयाला अनुदानाची सोय तेव्हापासून आहे. ती जरूर मागू, ग्रामपंचायतीलाही म्हणू. पण कागद हलेपर्यंत थांबायचं कशाला? जिथं पोरं अभ्यासाला बसतात तिथं एक कपाट ठेवू. स्पर्धा परीक्षेच्या गाईडशेजारीच ही पुस्तकं असू द्या. अभ्यासानं डोकं शिणलं की दहा पानं वाचावीत, एवढंच.

नामदेवांची नर्सी आणि नरहर कुरुंदकरांचं कुरुंदा ह्याच जिल्ह्यात आहे. आपल्याला पुस्तकाचं वावडं असायचं कारण नाही.

मी 'बारोमास', 'पाचोळा', 'फकिरा', 'राधेय' आणि 'मृत्युंजय' देतो. बाकी कोणाच्या घरी काय पडून आहे ते खाली लिहा. जुनं, फाटलेलं चालेल, फक्त पहिलं पान शाबूत पाहिजे. लेखकाचं नाव तिथंच असतं.