सहा नकला आणि एक घटोत्कच

मुंबईची भावंडं मनमाडला गाडी बदलून यायची आणि बेलापूर स्टेशनात उतरायची. गाव श्रीरामपूर, पाटी बेलापूर. आमच्यातल्या धाकट्याला दरवर्षी वाटायचं, आपण चुकून भलतीकडेच उतरलो. १९८९च्या मे महिन्यात मामा त्याला म्हणाला, "अरे, स्टेशनानं सोंग घेतलंय. अर्जुन नव्हता का संन्याशी झाला, तसं!"

त्या वर्षी मामानं आम्हा सहाही जणांची नावं उन्हाळी नाट्यशिबिरात घातली होती. मामीला दुपारी डोळा लागावा, हा त्यातला खरा हेतू. पण शिबिर सकाळी आठ ते अकरा, कारण पुढे हॉलचे पत्रे तापत. दुपारी तालमी घरातच सुरू झाल्या आणि मामीची होती नव्हती ती झोपही गेली.

आम्हाला 'अलबत्या गलबत्या' हवं होतं, चेटकिणीसाठी. सरांनी काढलं 'संगीत सौभद्र'. "अण्णासाहेब किर्लोस्करांनीसुद्धा १८८२ साली पुण्यात आधी तीनच अंक केले होते," ते म्हणाले, "आपण तासाभराचं करू." तीन अंकांवर त्यांचं भागलं तर एकावर आपलं का भागू नये, असा आमचा हिशेब होता, तो कुणी विचारला नाही.

सरांनी जुन्या नाटक कंपन्यांसारख्या नकला उतरवून घेतल्या. प्रत्येकाच्या वहीत फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचं शेपूट. आमच्या घरात मात्र सहा वह्या एकाच सतरंजीवर लोळत असायच्या. त्यामुळे झालं असं, की ज्याला त्याला दुसऱ्याचीच वाक्यं पाठ. मी बलराम, पण आजही मला येतो तो ताईचा सुभद्रेचा विलाप. माझी वाक्यं दादाला येतात. तो कृष्ण होता, आणि टीव्हीवरच्या चोप्रांच्या 'महाभारता'तल्यासारखं सावकाश हसायच्या नादात स्वतःची विसरायचा. रविवारी ते 'महाभारत' संपल्याशिवाय तालमीला कुणी हलत नसे. सरही नाही.

आजीनं अर्जुनाच्या छाटीसाठी जुनं लुगडं फाडलं, पण अट घातली: पदं ती ऐकणार. पेटी शिबिरात, म्हणून घरी पट्टी आजीच द्यायची, तांदूळ निवडता निवडता. अर्जुन झालेल्या मावसबहिणीचा सूर घसरला की सूप जमिनीवर आपटायचं. सरांच्या रागापेक्षा आम्ही त्या सुपाला जास्त भ्यायचो.

खरा पेच घटोत्कचाचा. रात्री झोपलेल्या सुभद्रेला उचलून त्यानं रानात न्यायचं. पण घटोत्कच हवा होता धाकट्यालाच, आणि तो होता आठ वर्षांचा. ताई तेरा वर्षांची, त्यात आमरसाचे दिवस. त्यानं जिद्दीनं प्रयत्न केले: पाय धरून, वेणी धरून, एकदा तर उशीसकट ओढून. शेवटी मामानं तोडगा काढला. लुगड्याच्या उरलेल्या अर्ध्याची झोळी, दोन टोकांना दोन राक्षस, आणि घटोत्कचानं पुढे हात वर करून नुसतं गरजायचं.

प्रयोगाच्या संध्याकाळी वारा सुटला होता, मळीचा वास थेट हॉलमध्ये येत होता. झोळी उचलली आणि ताईला हसू फुटलं. झोपेतली सुभद्रा गदगदा हलू लागली, मागच्या राक्षसाच्या हातून टोक सुटलं. धप्प! धाकटा वळला, क्षणभर बघत राहिला आणि बलरामाचं वाक्य ठणकावून म्हणाला. माझं. विंगेत मी तोंड उघडून उभा. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या प्रवेशात मला म्हणायला काही उरलंच नाही.

ते वाक्य त्यानं आजवर परत दिलेलं नाही. आता तो सहा फूट आहे, नाशिकला असतो. गेल्या दिवाळीत मामानं फोनवर त्याला विचारलं, "काय घटोत्कचा, आता उचलशील का रे ताईला?"

शेजारूनच ताई ओरडली, "त्याला म्हणावं, आधी कमरेचा पट्टा काढ डॉक्टरचा!"